काचबंगल्याची सोळा तावदानं

आयुष्यात मी एकच घर लुटलं, तेही मालकिणीनं चहा पाजून सांगितल्यावर. पेन्शन सुरू होऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की कोणी खातेचौकशी लावेल अशी भीती उरलेली नाही. म्हणून लिहितो.

जव्हारच्या बाजारातून वर चढून गेलं की कड्याच्या अंगाला एक कौलारू घर होतं. खेड्यातली आम्ही माणसं त्याला काचबंगला म्हणायचो. सगळ्या घरात रंगीत काच होती ती एका खिडकीला, पण ज्याच्या दारात एक आंबा त्याला आंबेवाला म्हणायची आमच्याकडे रीत आहे. दिवसा बाहेरून पाहिलं तर ती खिडकी काळीठिक्कर दिसायची. दिवेलागणीला आत कंदील लागला की मात्र कड्यावर लाल, हिरवे, निळे, पिवळे चौकोन उमटायचे. आमच्या साखरशेतकडून बाजाराला आलेली माणसं त्यासाठी मुद्दाम रेंगाळायची. मीठ घेऊन झालेलं असायचं, बैल जुंपलेले असायचे, आणि गाडीवान म्हणायचा, "थांबा जरा, पेटू दे."

ते घर संस्थानच्या जंगलखात्यातल्या एका अधिकाऱ्यानं शतकाच्या सुरुवातीला बांधलं. लाकूड संस्थानच्या रानातलं, जमीनही संस्थानची. राजानं "बांधा" म्हटलं आणि त्यानं बांधलं. कागद करायचं दोघांनाही सुचलं नाही. त्याची बायको समुद्राकाठची होती. पश्चिमेच्या खोलीतून सगळी दरी आणि दरीतलं रान दिसायचं, आणि त्या काळात रानात वाघ होते. बाई त्या खोलीत पाऊल टाकीना. शेवटी नवऱ्यानं मुंबईहून सोळा रंगीत तावदानं मागवली आणि खिडकी उघडताच येणार नाही अशी कायमची बंद करून टाकली. जंगलखात्याचा अधिकारी आणि बायकोला जंगल दिसू नये म्हणून एवढा खर्च! हसू नका. मी पुढे जे केलं त्यापुढे तो माणूस फार शहाणा होता.

त्याचा मुलगा संस्थानच्या शाळेत मास्तर झाला. मुलाची बायको म्हणजे या गोष्टीतल्या काकी. लग्न होऊन आल्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. सासू गेली, सासरे गेले, मग मास्तरही अकाली गेले, आणि त्या घरात काकी एकट्या राहिल्या.

मग संस्थान विलीन झालं. आम्ही झोपलो संस्थानात आणि उठलो ठाणे जिल्ह्यात. कचेरीत कारकून तेच, खुर्च्या त्याच, ढेकूण तेच. फक्त कागदाच्या माथ्यावरचा मजकूर बदलायचा होता, आणि छापील कागदांचा जुना साठा संपेपर्यंत तोही बदलला नाही. संस्थानची मालमत्ता कोणती आणि कोणाची खासगी कोणती, याच्या याद्या सुरू झाल्या. काचबंगल्याचा कागद नव्हता, तेव्हा तो सरकारचा ठरला. काकींनी घर सोडावं, आतलं जंगम सामान त्यांचं त्यांनी न्यावं, असा हुकूम निघाला. त्या सामानाची यादी करायला मामलेदारांनी सगळ्यात बिनकामाचा कारकून निवडला. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, आमच्या घरातला पहिला नोकरदार, आणि नाकावर माशी बसू देत नव्हतो.

पहिल्याच दिवशी नाक कापलं गेलं. पश्चिमेच्या खोलीत शिरताना पाहतो तर जमिनीवर लालभडक काहीतरी सांडलेलं. मी चपला काढल्या, धोतर वर धरलं आणि भिंतीला पाठ घासत वळसा घालून गेलो.

दारातून काकी म्हणाल्या, "अरे कारकुना, तो उजेड आहे. ओला नाही."

मी धोतर खाली सोडलं. त्या हसून हसून खाली बसल्या. यादी राहिली बाजूला, चहा झाला.

पुढचे काही दिवस मी रोज दुपारी यादीच्या निमित्तानं जात होतो. दोन कपाटं, एक पलंग, पाट, भांडी, अशी ती यादी खरं तर एका बैठकीत संपली असती. पण तीन वाजले की उन्हं त्या खिडकीवर यायची आणि खोलीचं काहीतरी व्हायचं. मी कुडाच्या घरात वाढलेला. आमच्याकडे ऊन भिंतीच्या फटीतून येतं आणि आल्याबरोबर कामाला लावतं. उजेड नुसता बघत बसायचा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

काकींच्या घरात घड्याळ होतं, पण त्या ते बघत नसत. "लाल पाटापाशी आला की चहा," त्या सांगायच्या. "निळा भिंतीवर चढला की कंदिलाची काच पुसायला घ्यायची. हे तिथं बसायचे वह्या तपासायला, हिरव्याखाली. तोंड असं हिरवंगार व्हायचं. मी म्हणायची, पोपट वह्या तपासतोय."

"मग ते काय म्हणायचे?"

"म्हणायचे, तू लालखाली बस. म्हणजे रागावलीस तरी मला कळणार नाही."

हे सांगताना त्या हिरव्या चौकोनाकडे बघत होत्या. तिथं आता कोणी नव्हतं, जमिनीवर नुसता चौकोन होता. यादीत लिहिण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी मागणं घातलं. "मला कपाटं नकोत रे. नाशकाला भावाच्या दोन खोल्यांत ती मावायचीही नाहीत. घर गेलं तर गेलं, आपलं नव्हतंच म्हणतात. तेवढी ती तावदानं मला नेऊ दे. भावाकडे एक पश्चिमेची खिडकी आहे."

मी म्हटलं, "बघतो." सरकारी नोकराचा हा पहिला शब्द मी तेव्हा नुकताच शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी मामलेदारांना आडून विचारलं, "साहेब, खिडकी स्थावर की जंगम?"

"खिडकी चालते का?"

"नाही साहेब."

"मग स्थावर. जा."

इथं एखादा समजदार माणूस थांबला असता. मी मात्र रात्रभर विचार करून असा मुद्दा काढला की तावदान खिडकीत असेल तोवर खिडकी. बाहेर काढलं की ती नुसती काच. मामलेदार यादी तपासायला येण्याआधी तावदानं बाहेर असली म्हणजे झालं. एवढं डोकं मी परीक्षेत चालवलं असतं तर आज कुठल्या कुठे असतो.

एका रविवारी काकींनी अडकित्ता दिला. त्यानं मी पट्ट्यांचे खिळे उपटत गेलो आणि त्या एकेक तावदान पदरात धरत गेल्या. सोळाच्या सोळा साबूत निघाली. जुन्या लुगड्यांत आणि भाताच्या पेंढ्यात ती बांधून, वर गोणपाट शिवून, गाडीत घालून मी साखरशेतला घरी नेली. काकींच्याकडे ठेवून चालणार नव्हतं, तिथं साहेब कपाटं उघडून बघणार होते. जव्हारात माझी खोली तिघा कारकुनांत मिळून. उरलं माझं घर.

पण घरात ठेवायची कुठं? कुडाचं घर, आत बकऱ्या, कोंबड्या, भावाची पोरं आणि आई. आईला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. तिला सांगितलेली गोष्ट बाजाराच्या दिवशी माझ्या आधी जव्हारला पोचायची. मी अंगणात उभा राहून चारी बाजूंना पाहिलं आणि समोर उत्तर दिसलं. राब.

ज्यांनी आमच्या डोंगरातली भातशेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप जिथं करायचं तो वाफा आम्ही आधी भाजून घेतो. उन्हाळ्यात त्यावर शेणी, झाडाचे टहाळे, पातेरा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि सुकू द्यायचं. हा राब. तो एकदा रचला की त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बकरीसुद्धा तोंड लावत नाही. आमच्याकडे तो भाजायचा अक्षयतृतीया झाल्यावर, आणि काकी त्याच्या कितीतरी आधी नाशकाला पोचलेल्या असणार होत्या. मी एक कोपरा उचकटला, गाठोडं आडवं सरकवलं, माती सारखी केली, आणि स्वतःवर इतका खूश झालो की आईनं दोनदा विचारलं, "दात काय काढतो?"

यादीचा दिवस उजाडला. मामलेदार पश्चिमेच्या खोलीत आले. समोर सोळा भोकांची खिडकी, आणि त्या भोकांतून भणाण वारा.

"काचा कुठं आहेत?"

"फुटल्या, साहेब."

"सोळाच्या सोळा?"

"वानरं, साहेब."

साहेबांनी कड्याकडे असं पाहिलं, जणू वानरांचे जबाब घ्यायचे आहेत. मग म्हणाले, "लिहा. खिडकी एक, लाकडी, तावदानं फुटलेली." मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. माझ्या सबंध नोकरीतली ती एकच नोंद अशी, जी लिहिताना खोटी होती आणि नंतर खरी झाली.

पुढच्या रविवारी गाठोडं आणायला घरी गेलो, तर लांबूनच नाकात वास शिरला. आई अंगणात लांब काठी धुत होती.

"बरं झालं आलास. भाजला एकदाचा."

"काय?"

"राब."

"कुठला राब?"

"कुठला म्हंजे? आपले किती राब हायेत? राजा हायेस का तू?" आई म्हणाली. "दोन दिस आभाळ भरून येत होतं. अवकाळी कोसळला असता तर वल्ला राब काय डोक्यावर घेऊन भाजू? म्हटलं, टाक काडी."

मी वाफ्याकडे धावलो. मागून आईचं चालूच होतं, "मधीच फटाफट वाजत होतं बघ. मी म्हटलं, बांबूचं पेर राहिलं असंल."

राख अजून कोमट होती. काडीनं उकरली तर काजळी धरलेले तुकडे वर आले, कुठं चिंचोक्याएवढे, कुठं बोटाएवढे. एक पुसला, तो पिवळा निघाला. आई मागं येऊन उभी राहिली. तिला सगळं सांगावं लागलं. ऐकता ऐकता तिनं धुतलेली काठी परत राखेत खुपसली आणि आणखी दोन तुकडे वर काढले.

मग म्हणाली, "एक शबुद टाकला असता तर तोंड झिजलं असतं का रं तुझं? आता त्या बाईला काय सांगशील? वानरांनी खाल्ली?"

तीन दिवस मी काचबंगल्याच्या वाटेला फिरकलो नाही. चौथ्या दिवशी काकींचा निरोप आला, "कारकुनाला बरं नाही का?" गेलो. त्यांचं सामान बांधून झालं होतं. वारा येऊ नये म्हणून खिडकीवर त्यांनी चादर लावली होती आणि खोलीत नुसता मळका पांढरा उजेड होता. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, राब, आभाळ, आई.

"भाजली?" त्या म्हणाल्या. "वांगी भाजतात तशी?"

"होय, काकी."

त्यांनी चादरीची सुटलेली कड परत खोचली. मग म्हणाल्या, "मला बघायचीयत."

"आता बघण्यासारखं काही—"

"तू कोण ठरवणारा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीनं निघालो, जेवणवेळेला साखरशेतला पोचलो. एवढ्या वर्षांत काकी जव्हारच्या वेशीबाहेर त्या बाजूला कधी गेल्या नव्हत्या. आई वाटेवरच उभी होती. तिनं काकींच्या पायावर पाणी घातलं आणि पहिल्याच वाक्यात मला विकलं.

"बाई, माझा काय दोष नाय. ह्यो शिकलाय, तवापासून घरात सांगायचा बंद झालाय."

"शिकण्याआधी सांगायचा का?" काकींनी विचारलं.

"तवा बी नाय," आईनं कबूल केलं.

काकी थेट वाफ्यावर गेल्या आणि राखेत गुडघ्यांवर बसल्या. एकेक तुकडा उचलायचा, पदराला पुसायचा, मांडीवर ठेवायचा. साबूत काही मिळेल अशी त्यांना आशा होती, हे हातांच्या घाईवरून कळत होतं. मी जोडीला बसलो. आई बांधावर उभी राहून म्हणाली, "ती काच डहाणूच्या टेसनावरनं माझ्या सासऱ्यानं डोक्यावर आणली व्हती. त्यो आन् पाड्यातले अजून सात-आठ. घाट चढताना शिंकायची बी बंदी."

काकींनी वर पाहिलं. "मला कुणी सांगितलं नाही कधी."

"वेठीतलं काम. त्याचं काय सांगायचं? सासरा म्हनायचा, एवढं मानपान आम्ही नवरीचं बी केलं नाय. पर त्यानं ती लावलेली कवा आतून बघितली नाय. बाजाराला गेला की रस्त्यावरनं बघायचा आन् म्हनायचा, माझा तुकडा वरचा, निळा."

काकींच्या मांडीवर तोवर मूठभर तुकडे जमले होते. त्यात निळेही होते. त्यांनी आईकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर खाली आईच्या पायांकडे गेली. अनवाणी पाय, टाचेला भेगा.

"तुम्ही इथंच पेरणार ना?" त्यांनी विचारलं.

"दुसरीकडं कुठं? राब एकच."

"आणि रोपं हातानं उपटता?"

"चिखलात बसून. हातपाय दोन्ही आत."

काकींनी मांडीवरचे तुकडे राखेत नव्हे, बाजूला बांधावर ठेवले. पदर खोचला. "चाळण आहे का घरात? आणि सूप?"

मग त्या दोघी राख चाळायला बसल्या. सूप आईकडे, चाळण काकींकडे, आणि पाटी वाहायला मी. चाळलेली राख परत वाफ्यावर, काच पाटीत. ऊन उतरलं तरी अर्धा वाफा राहिला, तेव्हा काकी आमच्याकडेच मुक्कामाला राहिल्या, नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पाहून म्हणाल्या, "बोंबील मी खात नाही, पण वास छान आहे," आणि सकाळी परत चाळायला बसल्या. दोघींची तोंडं काळी झाली होती. मी पाटी उचलायला वाकलो की आई म्हणायची, "शिकल्याल्या मानसाला जपा, बाई, त्याला काच लागंल." काकी म्हणायच्या, "त्याला कशाला लागेल? त्यानं कधी काचेला हात लावला? वानरांनी फोडली ना?"

एकदाच काकींनी एक बरासा हिरवा तुकडा पुसून डोळ्याला लावला. त्यातून आधी माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. मग आईकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही हिरव्या दिसता."

"नको बाई. मी काळीच बरी."

काकी हसल्या आणि तो तुकडा त्यांनी स्वतःच्या हातानं पाटीत टाकला. मी म्हटलं, "एवढा तरी ठेवा, काकी." त्या म्हणाल्या, "धार आहे त्याला. पिशवी फाडेल." दुपारी बांधापलीकडे गुडघाभर खड्डा खणून मी सगळी काच पुरली, आणि आईनं वर मोठा धोंडा ठेवायला लावला.

चार दिवसांनी काकी नाशकाच्या मोटारीत बसल्या. दोन ट्रंका, एक पाट. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "पत्र टाकत जा. अक्षर चांगलं आहे तुझं."

त्यानंतर माझी बदली मोखाड्याला झाली, काही वर्षं तिथं काढली. खोडाळ्याच्या बाजारात एकदा एका म्हाताऱ्यानं मी जव्हारचा असं ऐकून विचारलं, "ते रंगीत उजेडाचं घर हाय का अजून? नातवाला दाखवायचं म्हनतो." मी घाईघाईनं भाजी घेतली आणि निघालो. तावदानं खिडकीतच राहिली असती तर सरकारी झाली असती, पण असती. काकी नाशकाहून केव्हातरी येऊन बघून गेल्या असत्या. तो नातू रस्त्यावर उभा राहिला असता. एका माणसाचं मन राखायला जाऊन मी सगळ्या डोंगराचा उजेड जाळला, आणि त्या माणसाचंही मन राखलं नाही.

परत जव्हारला आलो तेव्हा काचबंगल्यात आमच्याच खात्याची कचेरी भरत होती आणि माझं टेबल पश्चिमेच्या खोलीत होतं. खिडकीवर पत्रा ठोकला होता. तीन वाजता तो तापायचा आणि खोलीची भट्टी व्हायची. मी तेवढा वेळ जमिनीकडे बघत बसायचो. लाल कुठून कुठं सरकायचा ते मला अजून पाठ होतं, तरी जमीन तेवढीच मळकी दिसायची.

दुरुस्तीचा अर्ज मीच केला. वरून उलट टपाली प्रश्न आला, "सदर खिडकीस पूर्वी काय होते, ते सविस्तर कळवावे." सविस्तर म्हणाले म्हणून मी सविस्तर लिहिलं. सोळा तावदानं, कोणत्या रांगेत कोणता रंग, कोणत्या वेळी कोणता कुठं पडत असे, चहाची वेळ, कंदिलाची वेळ. हिरव्याखाली कोण बसत असे तेही लिहिलं आणि मग खोडलं. कागद परत आला तेव्हा त्यावर एवढाच शेरा होता, "साधी काच बसवावी."

बसवली. पत्रा निघाला त्या दुपारी सगळी कचेरी कामं टाकून त्या खोलीत जमली. एवढ्या वर्षांत त्या खिडकीतून पलीकडे कोणी नीट पाहिलंच नव्हतं. मी संध्याकाळी काकींना कार्ड टाकलं की साधी काच लागली, आता बाहेरचं दिसतं.

आठवड्यात उत्तर आलं. प्रकृती, भावाची मुलगी, नाशकाचा उन्हाळा, आणि शेवटी बारीक अक्षरात: "चाळीस वर्षं त्या खिडकीपाशी बसले. काचा निघाल्या तेव्हाही बाहेर बघायचं सुचलं नाही, चादर लावली. बाहेर काय दिसतं ते कळव. सगळं."

मी टेबल ओढून खिडकीपाशी नेलं आणि लिहायला घेतलं. समोर दरी आहे. उजव्या हाताला कातळ, त्यावर दोन बकऱ्या. खाली ओढ्याला या दिवसांत पाणी नाही. एक बाई डोक्यावर टहाळ्याचा भारा घेऊन चढते आहे, मधेच थांबली, भारा सारखा केला, परत निघाली. पलीकडच्या उतारावर कोणाचा तरी राब जळतो आहे, धूर सरळ वर जातो आहे, म्हणजे वारा नाही. सागाची पानं गळून गेली आहेत, त्यामुळे वाट दिसते. वाटेवर एक माणूस सायकल हातात धरून चालला आहे.

कार्ड भरलं. मग पत्त्याच्या बाजूलाही लिहिलं. तरी पलीकडचे डोंगर राहिलेच होते, तेव्हा शेजारच्या खोलीत जाऊन हेडक्लार्ककडून आणखी एक कार्ड मागून आणलं.